रक्तात सापडलं, म्हणजे नशेत होता?

प्रश्न : वडील पाथर्डी फाट्याजवळ महामार्ग ओलांडताना गाडीखाली गेले. रक्तात दारू निघाली. ‘चूक त्यांचीच’ म्हणतात सगळे. भरपाईचा दावा करू का? (सिडको)

उत्तर : करा, आणि लवकर करा, कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा गाडी चालवणाऱ्याला आहे, पायी जाणाऱ्याला नाही. प्यायलेल्या माणसाला गाडीचा अंदाज येत नाही हे खरं, त्यापायी भरपाई कमीही होऊ शकते. पण गाडीचा वेग, दिवे, ब्रेकच्या खुणा यांचं काय? अहवालात आकडा आहे की नुसतं ‘अल्कोहोल आढळले’, ते आधी बघा. मृतदेह उन्हाळ्यात बराच वेळ पडून राहिला तर कुजताना शरीरातच थोडं अल्कोहोल तयार होतं. नमुन्याच्या बाटलीतही तसं होऊ नये म्हणून सोडियम फ्लोराइड घालतात. ते घातलं होतं का, हे वकिलाला विचारायला सांगा.

प्रश्न : लासलगावहून कांदा नेणारा आमचा ड्रायव्हर जागं राहायला गोळी खातो. पोलिसांच्या यंत्रात फुंकला तर शून्य येतं. मग बिघडलं कुठे? (गाडीमालक, आडगाव)

उत्तर : ते यंत्र फक्त दारू ओळखतं. गांजा, अफू, एमडी (मेफेड्रोन हा रासायनिक अंमली पदार्थ) यांच्यासाठी रक्त-लघवी प्रयोगशाळेत जाते. (2023 मध्ये आपल्या नाशिकजवळच्या शिंदे गावातच एमडीचा कारखाना सापडला, तेव्हा ‘आमच्याकडे नाही’ म्हणायची सोय उरलेली नाही.) गोळीने झोप भागत नाही, नुसती लांबते. अंमल उतरला की कसारा घाटात डोळा लागतो आणि ब्रेक दाबायचाच राहून जातो. पण शेठ, पहाटेच्या आत वाशी गाठायला सांगतं कोण? जोडीला दुसरा ड्रायव्हर द्या.

प्रश्न : अपघातानंतर भावाच्या लघवीत गांजा निघाला. तो म्हणतो, ओढून चार दिवस झाले होते. (पंचवटी)

उत्तर : शक्य आहे. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश कित्येक आठवडे सापडतो, अंमल मात्र काही तासांत ओसरतो. अमेरिकेतल्या अपघाती मृत्यूंच्या सरकारी आकड्यांतही अंमली पदार्थ ‘आढळला’ म्हणजे चालक नशेतच होता, असं धरत नाहीत. त्याच वेळचं रक्त तपासलं होतं का, ते पाहा. भाऊ खरं बोलतोय की नाही, हे मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही.

प्रश्न : सर्दीची गोळी घेऊन बाइकवर सातपूरला ड्युटीला जाऊ का? (अंबड)

उत्तर : गोळीत क्लोरफेनिरामिन (गुंगी आणणारं औषध) असेल तर नको. बसने जा.