मिनीव्हॅनमागे छोटा ट्रेलर : झेपेल का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आमच्याकडे २०२२ची टोयोटा सिएना आहे. आई-बाबा भारतातून येणार असून ऑक्टोबरमध्ये दोन मुलांसह आम्हा सहा जणांना व्हर्जिनियातील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला जायचे आहे. त्यासाठी २,४५० पौंड वजनाचा एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर पाहून ठेवला आहे. सिएना ३,५०० पौंड ओढू शकते, त्यामुळे काळजीचे कारण नाही, असे विक्रेता म्हणतो. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर मात्र १,२४० पौंड असा आकडा आहे. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर : संबंध आहे, आणि तुमच्या बाबतीत निर्णय त्या पट्टीवरील आकड्यानेच करायचा आहे. ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो, हे गाडी किती ओढू शकेल त्याचे माप आहे; १,२४० पौंड हे गाडीने स्वतःच्या अंगावर किती वाहावे त्याचे. ट्रेलरचा काही भार गाडीच्या अंगावरही येतो, आणि नेमकी हीच गोष्ट विक्रेत्याच्या हिशेबातून सुटली आहे.

बाबांनी गावी बैलगाडी पाहिली असेल, तर त्यांना हे लगेच पटेल. मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त भरला तर बैलांची मान मोडते. ट्रेलरचा दांडा हिचच्या (गाडीच्या मागे ट्रेलर जोडण्यासाठी बसवलेल्या सांगाड्याच्या) गोळ्यावर जो उभा भार टाकतो, त्याला इकडे टंग वेट म्हणतात, आणि अशा ट्रेलरसाठी तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. तो कमी पडला तर वेगात ट्रेलरचे शेपूट डोलू लागते. माझ्या पहिल्या ट्रेलरच्या मागच्या बंपरवर मी दोन सायकली टांगल्या होत्या. पेनसिल्व्हेनियातील एका उतारावर आरशात ट्रेलरची डावी बाजू दिसली, मग उजवी, मग पुन्हा डावी, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होता. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबू नये आणि वेगही वाढवू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने लावता येत असतील, तर फक्त तेच लावावेत.

आता तुमचा हिशेब. २,४५० पौंड हे रिकाम्या ट्रेलरचे वजन आहे. त्यात बॅटरी, गॅसचा भरलेला सिलिंडर (२० पौंडी सिलिंडर भरल्यावर जवळजवळ ३७ पौंडांचा होतो), भांडी, अंथरुणे, खुर्च्या, किराणा आणि वीस गॅलन पाणी, म्हणजे आणखी १६७ पौंड, आले की तो ३,००० पौंडांच्या घरात जातो. त्याचे १२ टक्के म्हणजे ३६० पौंड गोळ्यावर येणार, आणि ३,५०० पौंडांच्या क्षमतेबरोबर या भाराची मर्यादा बहुधा ३५० पौंडच असते. तुमच्या पुस्तिकेतील व हिचवरील आकडे पाहून घ्या व त्यांतील लहान आकडा प्रमाण माना. शिवाय सहा माणसांचे ७४० आणि हिचच्या सांगाड्याचे ५० पौंड धरले, तर १,२४० पैकी जेमतेम ९० पौंड उरतात. त्यात सहा जणांच्या बॅगा बसवायच्या आहेत. माझे स्पष्ट मत असे, की हा ट्रेलर तुम्ही घेऊ नये.

ट्रेलर हवाच असेल, तर मिटवता येणारा पॉप-अप पाहावा. मिटल्यावर तो बुटका होत असल्याने वारा कमी अडवतो आणि भरल्यावरही दोन-सव्वादोन हजार पौंडांत बसेल असे नमुने मिळतात. मात्र त्याच्या दोन्ही टोकांचे पलंग उंच असतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना रात्री उठून खाली उतरणे जड जाते, म्हणून आई-बाबांना जेवणाच्या मेजाचा होणारा खालचा बिछाना द्यावा.

कुठलाही ट्रेलर घेतलात तरी निघण्यापूर्वी महामार्गावरील ट्रक थांब्याच्या वजनकाट्यावर जा. सगळी माणसे बसवून आधी गाडी ट्रेलरसह तोला, मग ट्रेलर सोडून एकटी गाडी तोला. गाडीच्या दोन्ही आसांवरील एकूण वजनात या दोन वेळांमध्ये जो फरक येईल, तो तुमचा खरा टंग वेट. ट्रेलरवर विजेचे ब्रेक असतील, तर गाडीला सात पिनांची वीजजोडणी आणि ब्रेक कंट्रोलर, म्हणजे चालकाजवळून ट्रेलरचे ब्रेक लावणारे उपकरण, बसवून घ्यावे लागेल. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, पण सहा माणसे गाडीत असताना त्याहून हलक्या ट्रेलरलाही ते असावेत. सुरक्षेच्या साखळ्या दांड्याखाली फुलीसारख्या अडकवाव्यात, म्हणजे दांडा निसटलाच तर तो रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडतो.

मार्गाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगणे आवश्यक वाटते. बाल्टिमोरच्या बोगद्यांतून १० पौंडांहून मोठा प्रोपेनचा, म्हणजे ट्रेलरमधल्या गॅसचा, सिलिंडर नेता येत नाही. त्यामुळे आय-९५ऐवजी आय-७८ने हॅरिसबर्गकडे आणि तेथून आय-८१ने फ्रंट रॉयलला उतरावे. पुढे स्कायलाइन ड्राइव्हवर ताशी ३५ मैलांची मर्यादा आहे. त्या उतारांवर ब्रेक दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये चालवावे. पाण्याची टाकी घरून रिकामी न्या आणि उद्यानात पोहोचल्यावर भरा. निघाल्यावर पहिल्या पन्नास मैलांनंतर थांबून ट्रेलरच्या चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. नव्याने बसवलेल्या चाकांचे नट याच टप्प्यात ढिले होतात.