रस्ता नकाशावर असतानाच

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

नियोजित महामार्गाच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणासाठी तुझी निवड झाल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. या कामात वेळेला फार महत्त्व आहे. आयर्लंडमध्ये एम-३ महामार्गाच्या वाटेवर, तारा नावाच्या टेकडीजवळ लिसमलिन येथे २००७ साली लोहयुगातील सुमारे ८० मीटर व्यासाचे वर्तुळाकार आवार उघडकीस आले. त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जाही मिळाला. परंतु तोवर मार्गाची आखणी पक्की होऊन काम सुरू झाले होते, त्यामुळे उत्खनन आणि नोंदी करून रस्ता तेथूनच नेण्यात आला. म्हणून आखणी बदलता येण्याजोगी आहे तोवरच तुझे म्हणणे अभियंत्यांच्या टेबलावर पोहोचले पाहिजे.

जुने नकाशे, हवाई छायाचित्रे आणि नांगरलेल्या शेतांतून चालत खापरे टिपणे, हे टप्पे तुला ठाऊक आहेतच. जमिनीतील चुंबकीय फरक टिपणाऱ्या मॅग्नेटोमीटरवर मात्र सगळा भार टाकू नकोस. खांबांचे लहान खड्डे किंवा नदीच्या गाळाखाली खोल दबलेली वस्ती त्याच्या नजरेतून सहज निसटते.

खरी परीक्षा चाचणी खंदकात, म्हणजे जमिनीखाली काय आहे हे पाहण्यासाठी खणलेल्या चरात होते. पोकलेनला बिनदातांची रुंद बकेट लावून घे आणि वरची माती पातळ थरांनी काढली जात असताना सुरक्षित अंतरावरून, पण डोळ्यांत तेल घालून पाहत राहा. जुन्या वस्तीचा लाकडी खांब कुजून गेलेला असतो. मागे उरतो तो भोवतालच्या मातीपेक्षा किंचित काळसर, कधी तळहाताएवढाच, गोल डाग. ऊन चढले की तो फिका पडतो. अशा वेळी थापीने पृष्ठभाग हलकेच खरवडून पाण्याचा फवारा मार, म्हणजे त्याची कड पुन्हा उमटते. असाच एक डाग मी एका दुपारी झाडाच्या मुळाचा समजून सोडून दिला होता आणि पुढे त्याच जागी रस्त्याच्या खोदाईत राख आणि फुटकी मडकी वर आली. ती चूक केवळ माझी होती आणि तिची भरपाई करणे मला कधीच जमले नाही.

रिकाम्या खंदकाचीही तितकीच काटेकोर नोंद ठेव. त्याची खोली, थर, त्या वेळचा प्रकाश आणि मातीचा ओलावा लिहिलेला नसेल, तर ‘काही आढळले नाही’ या वाक्यावर कोणी विसंबू नये. इंग्लंडमध्ये अशा खंदकांतून साधारणपणे २ ते ५ टक्के क्षेत्रच तपासले जाते. उरलेल्या जमिनीविषयी आपण अनुमानच करत असतो, हे अहवालात स्पष्ट लिहिण्यात कमीपणा नाही.

अभियंत्यांना शत्रू मानू नकोस. ‘अत्यंत महत्त्वाचे स्थळ’ एवढ्याने त्यांना काहीच ठरवता येत नाही. सीमा, खोली आणि अक्षांश-रेखांश दिलेस, तर ते आखणी किती मीटर सरकवावी लागेल याचा हिशोब करू शकतात.

पहिला अहवाल सादर करण्यापूर्वी रिकाम्या खंदकांचा तक्ता मला पाठव. मी तो प्रथम वाचेन.

तुझा शिक्षक