नजर खाली ठेव

सोलापूर

प्रिय पोरी,

नवशिक्यांवर देखरेख करायचं प्रशिक्षण तू घेणार हे कळलं, फार बरं वाटलं. तू चढतेस छान, पण आता काम वेगळं आहे. क्लाइंबिंगच्या भिंतीवर कुणी चढू लागलं की सगळे माना वर करून बघतात. पोरं ओरडतात, आईवडील मोबाइल काढतात. त्या वेळी तुझी नजर खाली हवी, बिले देणाऱ्याच्या, म्हणजे खालून चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याच्या हातावर.

त्यातही ब्रेकच्या हातावर, म्हणजे दोर अडवून धरणाऱ्या हातावर. दोर ओढून घेताना नवशिके हा हात दोरावरून सरकवत नाहीत, चक्क उचलतात आणि पुन्हा धरतात. अर्धा सेकंद दोर कुणाच्याच हातात नसतो. त्या अर्ध्या सेकंदात वरचा पडत नाही, म्हणून चूक कुणाला कळत नाही आणि सवय होऊन बसते. तू त्याच्या ब्रेकच्या हाताच्या बाजूला, एक पाऊल मागे उभी राहा. त्याच्या कमरेला अडकवलेल्या, दोर अडवणाऱ्या उपकरणातून निघालेला मोकळा दोर स्वतःच्या मुठीत सैल धर. त्याचा हात सुटला की तुझी मूठ लगेच आवळली पाहिजे.

आता माझी चूक सांगतो. एक मुलगा गाठ मारत होता. मी लांबूनच विचारलं, "रजिस्टरमध्ये नाव लिहिलंस का?" तो वळला, हो म्हणाला आणि चढायला लागला. डोक्याएवढ्या उंचीवर गेला तेव्हा माझं लक्ष गेलं. फिगर ऑफ एटचा, म्हणजे आठच्या आकड्यासारख्या गाठीचा, पहिला आठ झाला होता, दोर कमरेच्या पट्ट्यातून, म्हणजे हार्नेसमधून, ओवलाही होता, पण उलट फिरवून गाठ पुरी केलेलीच नव्हती. पाय धरून त्याला खाली घेतलं. रात्री झोप लागली नाही. लिन हिलसारख्या जगातल्या अव्वल क्लाइंबरची गाठसुद्धा 1989 मध्ये फ्रान्समधल्या ब्यू इथे अशीच अर्धी राहिली होती आणि ती वीस मीटरहून जास्त उंचीवरून पडली. झाडांमुळे वाचली. तिथे अनुभव कमी पडला नव्हता, मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं होतं. म्हणून गाठ मारणाऱ्याशी बोलायचं नाही, दुसऱ्यालाही बोलू द्यायचं नाही. कुणी बोललंच, तर गाठ पूर्ण सोडायची आणि पहिल्यापासून मारायची.

तपासणी हात लावून कर. बकल ओढून बघ. गाठीत समांतर दोरांच्या पाच जोड्या मोज. दोर हार्नेसच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही लूपमधून गेलाय का ते बघ. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची कडी, लॉक आहे का ते दाबून बघ. "झालं का?" असं विचारलंस तर पोरं "झालं" म्हणणारच.

आपल्या गावात शब्दही आधी ठरवून घ्यावे लागतात. पूर्व भागातल्या पोरांच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या उर्दू. घाबरलेलं पोर घरच्या भाषेत ओरडतं आणि खाली दोर धरलेल्याला कळत नाही. चढण्याआधी तीनच शब्द पाठ करून घे: घट्ट, ढील, खाली. पतंग उडवणाऱ्यांना ढील समजावून सांगावी लागत नाही.

"भ्या वाटायलंय" असं कुणी म्हणालं, तर "काही होत नाही" म्हणू नकोस. त्याला वाटतंय ते खरंच आहे. पहिल्याच दिवशी दोन मीटरवर थांबव, हात सोडून दोरावर बसायला लाव, मग हळू खाली घे. दोर आपल्याला पेलतो हे पाठीला आणि मांड्यांना एकदा कळलं की पुढचं सोपं जातं. खालून कुणाची आई "अजून थोडं, अजून थोडं" करत असेल, तर तिला प्रेमाने बाजूला घे. उतरायचं कधी ते चढणाऱ्याने ठरवायचं.

उन्हाळ्यात उघड्यावरची भिंत सकाळी नऊच्या आत बंद कर. चाळिशीपार ऊन गेल्यावर भिंतीवरचे होल्ड, म्हणजे हातापायांचे आधार, तापतात, आणि घामेजलेल्या हातात दोर घसरतो त्याची मला जास्त काळजी वाटते.

लीड शिकवायची घाई अजिबात करू नकोस. त्यात दोर वरून आलेला नसतो, चढणारा तो सोबत नेतो आणि वाटेतल्या बोल्टांना अडकवत जातो. दुसरा-तिसरा बोल्ट क्लिप होईपर्यंत माणूस थेट जमिनीवर येऊ शकतो. ते बिले वेगळं असतं, तू आधी माझ्यासोबत बरेच दिवस करशील. पुढे उत्तरकाशीच्या एनआयएमचा, म्हणजे नेहरू गिर्यारोहण संस्थेचा, मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन हा प्रशिक्षकांचा कोर्स मनात असेल, तर त्याआधी बेसिक आणि ॲडव्हान्स करावे लागतात, हे घरी आत्ताच सांगून ठेव.

रविवारी सकाळी सहाला ये. नवीन सहा पोरं आहेत. त्या दिवशी तू चढायचं नाहीस, फक्त मोकळा दोर धरून उभं राहायचं. मी तुझ्या हाताकडे बघत राहीन.

तुझे,
सर