सात वर्षांचा हिशेब

प्रश्न : माझा मुलगा आणि त्याची मैत्रीण टेक्सासमधल्या ऑस्टिनला सहा वर्षं एकत्र राहतात. लग्नाचं नाव काढलं की दोघंही विषय बदलतात. आमचे एक नातेवाईक म्हणतात, तिकडे सात वर्षं एकत्र राहिलं की लग्न आपोआप लागतं. म्हणजे पुढच्या वर्षी मी सासू होणार का? – एक आई

उत्तर : ताई, नुसत्या तारखेनं तरी नाही. ह्यूस्टनमध्ये वकिली करताना हा सात वर्षांचा हिशेब मी इतक्यांदा ऐकलाय, की कायद्यात तो नाही हे सांगताना आता मलाच वाईट वाटतं. टेक्सासमध्ये परवाना आणि विधीशिवाय लग्न होऊ शकतं, हे मात्र खरं. आपण नवराबायको आहोत हे दोघांनी ठरवायचं, त्यानंतर टेक्सासमध्येच तसं एकत्र राहायचं आणि चारचौघांत तशीच ओळख करून द्यायची. हे तिन्ही जुळलं तर थोड्या दिवसांतही लग्न झालं. नाही जुळलं तर वीस वर्षं राहूनही नाही. (दोघंही १८ वर्षांवरचे आणि अविवाहित हवेत, हे आलंच.)

माझ्याकडे एकदा अशीच फाईल आली. गृहस्थ शपथेवर सांगत होते, 'आम्ही नुसते एकत्र राहत होतो.' बाईंनी त्यांच्या नोकरीतल्या आरोग्यविम्याचा फॉर्म काढला. नात्याच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात 'पत्नी'. विम्यात नाव बसावं म्हणून लिहिलेला एक शब्द! एवढ्या एका कागदावर निकाल लागत नाही, पण त्यांचे वकील तो कागद बराच वेळ उलटसुलट बघत राहिले.

कारण असं लग्न सिद्ध झालं की ते अर्धंमुर्धं नसतं. विवाहकाळातली कमाई सर्वसाधारणपणे दोघांची धरली जाते आणि मोडायचं तर रीतसर घटस्फोटच घ्यावा लागतो. बॅग भरून निघून गेल्यानं सुटका होत नाही. वेगळं झाल्यावर दोन वर्षांत कुणी कोर्टात गेलं नाही, तर लग्न ठरलंच नव्हतं असं कायदा गृहीत धरतो, पण तेही पुराव्यानं खोडता येतं. कॅलिफोर्नियानं हा प्रकार १८९५मध्येच बंद केला. तरी टेक्सासमध्ये झालेलं असं लग्न तिथे गेल्यावरही लग्नच राहतं.

मुलाला खरोखर नवराबायको म्हणून राहायचं असेल, तर काउंटी क्लार्कच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक नोंदणी अधिकाऱ्याच्या) कार्यालयात दोघांनी सहीनिशी तसं जाहीर करता येतं. लग्नाची तारीखही त्यातच लिहितात, म्हणजे पुढे वाद नको.

तेव्हा फोनवर लग्नाचा विषय काढूच नका. विम्याच्या फॉर्मवर काय लिहिलंयस, एवढंच विचारा.