मकाऊला व्हिसा लागत नाही, पण वाटेतल्या हाँगकाँगचं काय?

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय, दिवाळीच्या सुट्टीत मकाऊ, मुंबईहून हाँगकाँगपर्यंत विमान, पुढे बस. बरोबर बायको, आई आणि कॉलेजातला मुलगा. एजंट म्हणतोय, "मकाऊला व्हिसा नाही, पासपोर्ट घेऊन बिनधास्त जावा." हेच वाक्य आम्हाला कोल्हापुरातल्याच एका ऑफिसात ऐकवलं होतं. नाव लिहीत नाही. पासपोर्टची मुदत, इन्शुरन्स वगैरे तुम्ही बघितलं असेलच, त्यावर वेळ घालवत नाही.

वाक्य खोटं नाही. भारतीय पासपोर्टवर मकाऊत 30 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. पण तुम्ही उतरणार हाँगकाँगला. दोन्ही चीनचेच भाग असले तरी इमिग्रेशन वेगळं, नियम वेगळे. 2017 पासून भारतीयांना हाँगकाँगला निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन. हाँगकाँग सरकारच्या साइटवर होते, फुकट आहे, निकाल लगेच दिसतो. मंजूर झाली की 6 महिने चालते, दर खेपेला 14 दिवसांपर्यंत राहता येतं. स्लिप ए4 कागदावर छापून जवळ ठेवायची. माणशी एक, लहान पोरांचीसुद्धा.

आम्हाला हे कळलं थेट मुंबईच्या चेक-इन काउंटरवर. तिथल्या मुलीनं पासपोर्ट चाळले आणि हाँगकाँगच्या स्लिपा मागितल्या. मागे रांग, सासूबाई व्हीलचेअरवर, मांडीवर भडंगाची पिशवी. उभ्या उभ्या मोबाईलवर फॉर्म भरले. आमचे तिघांचे मंजूर झाले, सासूबाईंचा नामंजूर. कारण दिलेलं नव्हतं. नामंजूर झालं की रीतसर व्हिसासाठी अर्ज करायचा, आणि त्यात आठवडे जातात. शेवटी हे सासूबाईंना घेऊन कोल्हापूरला परतले आणि मुलाला घेऊन मी पुढे गेले, कारण हॉटेलचे पैसे परत मिळणारे नव्हते. सासूबाई पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या. अख्ख्या गल्लीला सांगून निघाल्या होत्या. परत आल्यावर कितीतरी दिवस त्या दारात बसायला बाहेर आल्या नाहीत. पैशापेक्षा मला ते जास्त लागलं.

त्या ऑफिसात जाब विचारायला गेले तर मालक म्हणतात, "वहिनी, तुम्ही मकाऊचा व्हिसा विचारलासा, हाँगकाँगचं कुठं विचारलं?" तिकीट काढलं त्यांनी, त्यावर हाँगकाँग छापलेलं, आणि विचारायचं आम्ही? दोन तिकिटांचे बहुतेक पैसे बुडाले, पण सर्व्हिस चार्जमधला एक रुपया त्यांनी सोडला नाही. वाटेत कुठे काय कागद लागतो एवढंही बघायचं नसेल तर गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं कशाला?

म्हणून माझं ठाम म्हणणं, तिकिटाचे पैसे भरण्याआधी चौघांची नोंदणी घरी बसून स्वतः करा. आईंची सगळ्यात आधी. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. ते जसंच्या तसं भरा, तिकिटावरही तसंच घ्या. कुणाचं नामंजूर झालंच तर बँकॉक किंवा क्वालालंपूरहून थेट मकाऊ विमानतळावर उतरता येतं. मात्र वाटेत बँकॉक किंवा क्वालालंपूरला सामान बाहेर काढून पुन्हा चेक-इन करावं लागणार असेल तर त्या देशाचे प्रवेशाचे नियम लागू होतात, तेही बघा. हाँगकाँग विमानतळाच्या आतूनच, इमिग्रेशन न करता मकाऊला जायची सोय आहे, हेही कुणी सुचवेल. सोय खरी आहे, पण तिला अटी आहेत. मुंबईच्या काउंटरवर तुमचं म्हणणं मान्य झालं नाही तर तिथेच अडकाल. वयस्कर माणूस बरोबर असताना त्या भरवशावर निघू नका. मी एजंट नाही आणि नियम बदलतात, तेव्हा निघण्याआधी सरकारी साइट पुन्हा एकदा बघाच.

आता कॅसिनो, म्हणजे तिथली जुगारघरं. मकाऊत वयाची अट 21 आहे. मुलगा 19 चा म्हणता, म्हणजे त्याला खेळाच्या हॉलमध्ये सोडणार नाहीत. दारातच पासपोर्ट मागतात. आत फोटो काढू नका. "किती पैसे न्यावेत" असं विचारलंय. माझ्या मते खेळायचे पैसे शून्य धरा. फारच हौस असेल तर गेलेत असं समजून थोडी रोकड वेगळ्या पाकिटात ठेवा. भारतीय कार्डावर चिप्स, म्हणजे खेळायची नाणी, घ्यायच्या भानगडीत पडू नका. परदेशी चलनाचे आपले नियम जुगाराच्या बाबतीत कडक आहेत. न खेळताही तिथे बघण्यासारखं भरपूर आहे. जुनं पोर्तुगीज शहर 2005 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि बऱ्याच मोठ्या हॉटेलांच्या बस फुकट फिरवतात. सेंट पॉल या जुन्या चर्चच्या अवशेषांसमोर मात्र दगडी पायऱ्या आहेत, आईंचे गुडघे दुखत असतील तर खालूनच बघू द्या.

हाँगकाँग डॉलर मकाऊतही घेतात, त्यामुळे तेच न्या. तिथलं चलन पटाका. सुटे म्हणून हातात आले तर तिथेच संपवा, बाहेर कुणी घेत नाही. हाँगकाँगहून मकाऊला समुद्रावरच्या पुलावरून जाणारी बस दिवसा 65 हाँगकाँग डॉलर.

आणि डब्यात सुकं मटण, मटणाचं लोणचं नेऊ नका. हाँगकाँगमध्ये परवान्याच्या कागदाशिवाय मांस आणि अंडी आणता येत नाहीत. भडंग, चटणी, चिवडा न्या.

नोंदणी आज-उद्याच करून बघा. कुठल्या रकान्यात अडलात तर इथेच लिहा, मी सांगते. पासपोर्टचा नंबर किंवा फोटो मात्र इथे टाकू नका.