किटवाली रिमोटची शिडाची बोट पाण्यात सोडली की सारखी वाऱ्याकडे तोंड करून थांबते, काय चुकलं असेल?

तुम्ही लिहिलंय की 65 सेंटीमीटरची बोट आहे, दोन्ही सर्वो (सुकाणू आणि शिडं हलवणाऱ्या छोट्या मोटारी) नीट चालतात, तरी सुकाणू पूर्ण फिरवूनही बोट वाऱ्यात तोंड घालून फडफडत उभी राहते. रिमोटच्या सेटिंगला हात लावू नका, आधी शिडं बघा. माझ्या बोटीचं हेच झालेलं आणि मी उगाच सर्वो बदलून बसलो, फरक शून्य.

एक तर थेट वाऱ्यावर कुठलीच शिडाची बोट जात नाही, साधारण 45 अंश डावीकडे नाहीतर उजवीकडे धरून नागमोडी जावं लागतं. तसंच चालवत असाल आणि तरी वळत असेल तर बहुतेक मोठं शीड जास्त आवळलंय. ते डोलकाठीच्या मागे असतं, वारा त्याला ढकलतो म्हणजे बोटीची शेपटी ढकलतो, मग नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आपोआप वाऱ्याकडे वळते. पुढचं छोटं शीड, म्हणजे जिब, याच्या उलट, ते नाळ वाऱ्यापासून लांब नेतं, आणि दोघांचं जमलं की सुकाणूला फारसं काम उरत नाही.

म्हणून रिमोटवरची शिडांची काडी पूर्ण खेचा, म्हणजे शिडं आत येतील, आणि वरून बघा: मोठ्या शिडाच्या बूमचं (शिडाखालच्या आडव्या दांड्याचं) टोक अगदी मध्यरेषेवर नको, हाताच्या बोटाच्या जाडीएवढं बाहेर हवं, जिबचं त्याहून थोडं जास्त. दोरीवर तो भोकं पाडलेला छोटा प्लास्टिकचा तुकडा असतो ना, तो सरकवून हे जमतं. तरीही वळली तर डोलकाठीला ताणून धरणारी मागची दोरी जरा सोडा आणि पुढची तेवढीच आवळा, डोलकाठीचं टोक पुढे येईल. अगदी थोडं हं, एकेक मिलिमीटर करून बघा.

हे सगळं घरीच टेबल फॅनसमोर स्टँडवर ठेवून करा, मी दादरला गॅलरीत असंच करायचो, तलावाच्या काठावर वाऱ्यात त्या बारीक दोऱ्या धरवतही नाहीत. दोरी गुळगुळीत असल्याने साधी गाठ हळूहळू सुटते, पण फेविक्विकचा थेंब सगळं सेट झाल्यावरच टाका, आधी टाकलात तर कापायलाच लागणार.

अजून एक, तुम्ही दुपारी गेला होतात का? पावसाळा सोडला तर मुंबईत दुपारी समुद्रावरून वारा वाढतो, बोट खूप कलते, आणि कललेली बोट वाऱ्याकडे अजूनच वळते, त्यामुळे पहिले दोन-तीन प्रयत्न सकाळी करा. पवईला जलपर्णी असते तिथे नको, कीलमध्ये (बोटीखालच्या उभ्या पात्यात) अडकली की बोट आणायला जाणार कोण, मगरी आहेत तिथे. खाऱ्या पाण्यात चालवलीत तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

सरळ गेली की बूम किती बाहेर होतं त्याची डेकवर मार्करने खूण करून ठेवा. माझ्या बोटीवर अशा दोन खुणा आहेत, एक सकाळच्या वाऱ्याची, एक दुपारची.