गोव्यातल्या साखळीहून इंग्लंडला येताना मुलांच्या लशींचं काय करायचं?

ताई, यजमानांना लेस्टरला नोकरी लागलीय, मोठी मुलगी तेराची, धाकटा अकराचा, आणि तिथल्या शाळेत मुलींना जबरदस्तीनं कॅन्सरची लस टोचतात असं ऐकून सासूबाई अडून बसल्यात, असं तुम्ही लिहिलंय. मी मूळची पेडण्याची. माझी दोन्ही मुलं इथे इंग्लंडातच शाळेत शिकली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जबरदस्ती अजिबात नाही. इंग्लंडात लस ही शाळाप्रवेशाची अट नसते. इयर एटमध्ये, म्हणजे बारा-तेराव्या वर्षी, एचपीव्ही या विषाणूवरची लस असते. सासूबाई म्हणतात ती कॅन्सरची लस हीच, कारण या विषाणूमुळे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो. 2023 पासून तिचा एकच डोस देतात, आणि 2019 पासून मुलग्यांनाही देतात. इयर नाइनमध्ये धनुर्वात, घटसर्प, पोलिओचा बूस्टर आणि मेनिन्जायटिसची लस. सगळं शाळेतच, फुकट, आधी पालकांकडे संमतीचा फॉर्म पाठवून.

खरी अडचण हा फॉर्म आला की सुरू होते. इथल्या आपल्या माणसांत बघते, "पोर अजून लहान आहे, लग्नाच्या वेळी बघू" म्हणून फॉर्म तसाच पडून राहतो. पण हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, आणि त्याच्याशी संबंध येण्याआधी दिली तरच ही लस पूर्ण काम करते, म्हणून तर बारावं वर्ष. लस दिली म्हणजे मुलीच्या वागण्यावर शंका घेतली, असं मुळीच नाही. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो. उलट स्कॉटलंडमध्ये 1988 ते 1996 दरम्यान जन्मलेल्या ज्या मुलींनी बारा-तेराव्या वर्षी ही लस पूर्ण घेतली, त्यांच्यात या कॅन्सरचा एकही रुग्ण सापडला नाही, असं 2024 साली प्रसिद्ध झालं. सासूबाईंना हे जरूर सांगा.

त्यांच्या भीतीला हसू नका मात्र. 2010 साली आंध्र आणि गुजरातमधला एचपीव्हीचा प्रकल्प सात मुलींच्या मृत्यूनंतर थांबवला गेला होता. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही, पण आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचं उघड झालं. त्या गोष्टीचा राग रास्तच होता. इथे तुम्हाला विचारतात, तर निदान उत्तर द्या.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या पालकांना धक्का देते. सोळा वर्षांखालच्या मुलाला लशीबद्दल नीट कळतंय असं नर्सला वाटलं, तर तो स्वतः संमती देऊ शकतो. 1985 च्या गिलिक निकालापासून हा इथला कायदा आहे. म्हणून निघण्याआधीच मुलीला जवळ बसवून ही लस कशासाठी आहे ते सांगा. लेकालाही सांगा, कारण पुढच्या वर्षी त्याची पाळी. शाळेत अनोळखी बाईकडून पहिल्यांदा कळण्यापेक्षा आईकडून कळलेलं केव्हाही बरं.

हिवाळ्यात नाकात फवारायची फ्लूची लसही शाळेत देतात. तिच्यात डुकराचं जिलेटिन असतं. चालत नसेल तर इंजेक्शन मागा, मिळतं.

आता कागदपत्रं. लहानपणीची लशींची कार्डं शोधून ठेवा. हरवली असतील तर साखळीच्या सरकारी आरोग्य केंद्रातून किंवा तुमच्या डॉक्टरकडून तारखांसकट लिहून, सही-शिक्क्यानिशी घ्या. पुरावा नसेल तर लस झालीच नाही असं धरून इथे पुन्हा सुरुवात करतात. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस असते, गालगुंडाची नसते, त्यामुळे खासगीत एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेला अशी तिन्हींची लस, घेतली नसेल तर इथे ती घ्यायला सांगतील.

एचपीव्हीसाठी गोव्यात घाईनं पैसे खर्चू नका. मुलीची शाळेतली वेळ टळली तरी पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत इथे ती फुकट मिळते. पत्ता ठरला की लगेच जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, आणि पहिल्याच भेटीत ती कार्डं पुढे करा.